एनएफच्या रुग्णाला सोबत करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएफ असलेल्या एका मुलाची मावशी म्हणून गेली अकरा वर्षं मी ओपीडीच्या बाकांवर बसते आहे. ओळखी तिथेच झाल्या, मग फोन सुरू झाले, मग व्हॉट्सअ‍ॅप. आईवडिलांचे प्रश्न येतातच, पण त्याहून जास्त येतात ते आजूबाजूच्यांचे: आत्या, शेजारी, वर्गशिक्षिका, ऑफिसातला मित्र. सगळ्यांचा सूर एकच, "आम्ही काय करू?" तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

१. एनएफ म्हणजे नेमकं काय? हा कॅन्सर असतो का?

न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकातल्या बिघाडामुळे होणारा आजार. सगळ्यात जास्त आढळतो तो एनएफ१, साधारण ३,००० जन्मांमागे एक. आपल्या पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारं न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन असतं. त्याचं जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, ते १९९० मध्ये सापडलं. ब्रेक सैल पडला की नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, गाठी येतात, त्वचेवर डाग पडतात, कधी हाडं, डोळे, रक्तदाब आणि अभ्यास यांच्यावरही परिणाम होतो.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण नसेच्या गाठीचं कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचा धोका एनएफ१ मध्ये आयुष्यभरात साधारण ८ ते १३ टक्के असतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. एनएफ२ हा वेगळा आजार आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

२. आमच्या घराण्यात कुणालाच नाही. मग बाळाला कुठून आला?

जवळपास निम्म्या रुग्णांत आईवडिलांपैकी कुणालाच एनएफ नसतो, बदल त्या बाळात नव्यानेच झालेला असतो. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली, भाजी चिरली, अमुक खाल्लं, यातल्या कशानेही हा होत नाही. हे वाक्य बाळाच्या आजीसमोर मोठ्याने म्हणा. सुनेवर याहून मोठा उपकार तुमच्या हातून त्या दिवशी होणार नाही.

आणि हो, तो स्पर्शाने पसरत नाही. एका टॉवेलने नाही, एका ताटात जेवून नाही, पोहण्याच्या तलावातूनही नाही.

३. भाचीच्या अंगावर तपकिरी डाग आहेत. आईला सांगू का?

आधी मोजा. दुधाळ कॉफीच्या रंगाचे एकदोन डाग कितीतरी लोकांना असतात. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, वयात आल्यावर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे, असे सहा किंवा जास्त डाग असले तर डॉक्टरांना दाखवायला हवं. कंपासपेटीतली पट्टी पुरते. काखेत किंवा जांघेत तिळांसारखे बारीक ठिपके असतील तर तेही सांगा.

नुसत्या डागांवर एनएफ१ चा शिक्का बसत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार यादीतली किमान दोन लक्षणं जुळावी लागतात. हुबेहूब असेच डाग पण गाठी अजिबात नाहीत, असा लेजियस सिंड्रोम नावाचा सौम्य आजारही आहे. तो एसपीआरईडी१ या वेगळ्याच जनुकामुळे होतो. त्यामुळे आईला फक्त "डॉक्टरांना दाखवून घेऊ, मी येते सोबत" एवढंच सांगा. गूगल करून घाबरायला ती मोकळीच आहे.

४. मी डॉक्टर नाही, पैसेही फार नाहीत. माझा काय उपयोग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर: फाइल सांभाळा.

एनएफचा एक डॉक्टर नसतो. त्वचा, डोळे, हाडं, मेंदू-नसा, बालरोग, जनुकीय सल्ला, प्रत्येकाची ओपीडी वेगळ्या वारी आणि प्रत्येकाला मागचं सगळं पहिल्यापासून सांगायचं. आई मूल सांभाळेल की कागद? आमच्याकडे निळ्या रंगाची बटणवाली प्लास्टिक फाइल आहे. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात तारीखवार यादी: कधी काय दिसलं, कुणी काय म्हटलं, पुढचं कधी. मागे एमआरआयचे रिपोर्ट आणि सीडी. सीडी महत्त्वाची. गाठ वाढली की नाही हे जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करूनच कळतं, रिपोर्टातल्या दोन ओळींवरून नाही. शेवटी गाठींचे फोटो, दर सहा महिन्यांनी, त्याच कोनातून, शेजारी पट्टी ठेवून. पट्टी नसलेला फोटो पुढे फारसा कामाचा राहत नाही.

दुसरं काम: तपासणीच्या खोलीत उभं राहणं. भाचा नऊ वर्षांचा असताना एका मोठ्या रुग्णालयात त्याला शर्ट काढायला सांगितला आणि बघता बघता पंधरा-सोळा विद्यार्थी भोवती जमले. कुणी त्याला विचारलं नाही, आम्हालाही नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मीही गप्प राहिले, याची टोचणी अजून आहे. आता मी शर्ट हातात धरून विचारते, "किती जण थांबणार आहेत? त्याला चालेल का, विचारू या का?" विद्यार्थ्यांनी शिकायलाच हवं. एनएफ ओळखणारे डॉक्टर त्याशिवाय तयार कुठून होणार? पण हो-नाही म्हणण्याचा हक्क मुलाचा. गंमत म्हणजे विचारलं की तो बहुतेक वेळा हो म्हणतो.

यापलीकडे: सकाळी सहाला केस पेपरच्या रांगेत उभं राहणं, धाकट्या भावंडाला शाळेतून आणणं, डबा पोचवणं. आणि हे एकदा नाही, दरवर्षी. पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरून जातं, तिसऱ्या वर्षी कुणी फोन करत नाही. तुम्ही तिसऱ्या वर्षीचं माणूस व्हा.

५. वर्षाच्या तपासणीत सोबतच्या माणसाने काय बघावं?

रक्तदाब घेतला का ते बघा. एनएफ१ मध्ये मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याने किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीने रक्तदाब वाढू शकतो, आणि मुलांमध्ये तो मोजायचाच राहून जातो. मुलाच्या दंडाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. "लहान पट्टा आहे का?" हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

लहान मुलांचे डोळे साधारण आठ वर्षांचे होईपर्यंत दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासायला हवेत. एनएफ१ च्या सुमारे १५ टक्के मुलांत दृष्टीच्या नसेवर गाठ येते आणि लहान मूल "मला कमी दिसतं" असं सांगत नाही. पाठीचा कणा वाकडा होतोय का, ते पायाचे अंगठे धरायला लावून पाठीमागून पाहतात. एनएफ१ असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी वयात वाढतो, म्हणून त्यांची मॅमोग्राफी वयाच्या ३०व्या वर्षापासून सुरू करायला सांगतात. मोठ्या बायकांच्या बाबतीत हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

६. कोणती गोष्ट दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये?

गाठ भराभर वाढायला लागली, मऊ होती ती टणक झाली, तिथे सतत किंवा रात्री जाग आणणारं दुखणं सुरू झालं, हातापायातली ताकद कमी झाली, मुंग्या वाढल्या, नजर कमी झाली, डोकेदुखी आणि उलट्या एकदम सुरू झाल्या: त्याच आठवड्यात डॉक्टर. "पावसाळा संपला की जाऊ" नाही.

७. बाळाची नडगी वाकडी दिसते. मालीशवाल्या बाई म्हणतात सरळ करून देते.

नको. हात जोडून सांगते, नको. एनएफ१ मध्ये काही बाळांची नडगीची हाडं जन्मापासून कमकुवत आणि पुढे वाकलेली असतात. ते हाड मोडलं तर सहज जुळत नाही, वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया चालतात. पाय ओढून, दाबून सरळ करण्याचा प्रकार इथे धोक्याचा आहे. अस्थिरोगतज्ज्ञ आधाराचा ब्रेस देतात, तो बाळाला घालायला मदत करा. तेलमालीश बाकी अंगाला खुशाल करा.

८. गाठींवर घरगुती उपाय सांगितला तर चालेल का? निदान नुकसान तरी नाही ना?

आहे. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात तसा या गाठींना बांधू नका, त्या चामखिळी नाहीत, त्यांत नस गुंतलेली असते. बिब्बा लावलेल्या एका आजोबांची पाठ मी पाहिली आहे. गाठ होती तिथेच राहिली, भोवती भाजल्याचा व्रण कायमचा बसला.

उपायाइतकंच दुखतं ते बोलणं. "किती बारीक झालीस, कसलं टेन्शन घेतेस", "लेझरने जातं म्हणे", "एवढं शिकलेले असून करत का नाही काही", ही वाक्यं रुग्णाने शंभरदा ऐकलेली असतात. हत्तीसारखा दिसणारा म्हणून प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या जोसेफ मेरिकचा दाखलाही नको. त्याला एनएफ होता असं बरीच वर्षं मानलं गेलं, पण १९८६ मध्ये तो प्रोटियस सिंड्रोम हा वेगळाच आजार असावा असं तज्ज्ञांनी दाखवून दिलं. तरी तो फोटो अजून फॉरवर्ड होतोच.

९. मी शिक्षिका आहे. वर्गातल्या मुलाला एनएफ१ आहे, पण डाग सोडता काही दिसत नाही. मी वेगळं काय करायचं?

एनएफ१ च्या निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना शिकण्यात काही ना काही अडचण येते: लक्ष टिकत नाही, फळ्यावरून उतरवताना ओळ चुकते, भूमितीची आकृती जमत नाही, बुटाची नाडी उशिरा जमते. हे "आळशी" या सदरात टाकू नका. पुढच्या बाकावर बसवा, सूचना एका वेळी एकच द्या, पालकांना लवकर मूल्यमापन करून घ्यायला सुचवा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा पाचवी-सहावीत केलेलं बरं.

वर्गाला आजार समजावून सांगायचा का, हे मुलाला विचारूनच ठरवा.

१०. यावर औषध आलं आहे म्हणतात. मग आमच्या ओळखीच्या मुलीला डॉक्टर का देत नाहीत?

बहुधा तिला ज्या गाठींसाठी हवं आहे त्यांच्यासाठी ते औषध नाही. सेल्युमेटिनिब या गोळीला अमेरिकेत १० एप्रिल २०२० रोजी मान्यता मिळाली, ती दोन वर्षांवरच्या मुलांतल्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी. नसांच्या जाळ्यात पसरलेल्या, त्रास देणाऱ्या आणि शस्त्रक्रियेने पूर्ण काढता न येणाऱ्या अशा या गाठी. ५० मुलांच्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या गाठी २० टक्के किंवा जास्त आक्रसल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत मिर्डामेटिनिब या दुसऱ्या औषधाला तिथे मान्यता मिळाली, मुलांसोबत मोठ्यांसाठीही.

आक्रसल्या म्हणजे नाहीशा झाल्या नव्हे. औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. पुरळ, जुलाब, नखांच्या कडा सुजणं हे नेहमीचे त्रास, शिवाय हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात. त्वचेवरच्या छोट्या छोट्या गाठींसाठी ही मान्यता नाही. आणि किंमत मध्यमवर्गीय घराला झेपणारी नाही. कुणी "औषध आलंय" असा मेसेज पाठवला की आईला तो फॉरवर्ड करण्याआधी हे सगळं वाचा.

११. पैसे द्यायचे आहेत. कुठे दिले तर वाया जाणार नाहीत?

घर ओळखीचं असेल तर बिल थेट रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात भरा. नाहीतर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, गरज कुणाची खरी आणि आजची आहे हे तिथल्या लोकांना माहीत असतं. एमआरआयचे पैसे, गावाहून येण्याचं भाडं, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, अशा फुटकळ खर्चांवर उपचार अडतात.

पण खिशात हात घालण्याआधी एक बघा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन हा हक्क मागायला जाणं, हीसुद्धा देणगीच. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. मात्र सरकारी अर्थसाहाय्य फक्त धोरणाच्या यादीतल्या आजारांना मिळतं, तेव्हा आधी केंद्रात विचारा आणि मग कागद जमवा.

संस्थेला देणगी दिली तर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी ८०जी ची पावती घ्या. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही. ऑनलाइन निधी गोळा करताना मुलाचा फोटो टाकायचा असेल तर प्रश्न १६ आधी वाचा.

१२. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. तिथल्या मंडळींकडून पैसे जमवून इथल्या ट्रस्टला पाठवायचे आहेत.

इथे बरेच जण अडकतात. परदेशी देणगी घ्यायला ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. भावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी परदेशी धरली जाते, मग घरी कितीही पुरणपोळ्या होवोत. पासपोर्ट भारतीयच असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. दहा जणांचे पैसे एकत्र करून एकाच्या नावाने पाठवण्याची युक्ती करू नका, ट्रस्ट गोत्यात येतो.

परदेशातल्या नातेवाइकाने स्वतःच्या इथल्या नातेवाइकाला मदत करणं ही वेगळी गोष्ट. ती वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत असेल तर सरकारला कळवावंही लागत नाही.

१३. परदेशात एनएफसाठी इतकं काम कसं उभं राहिलं? आपल्याकडे का नाही?

न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली एक न्यूरॉलॉजिस्ट, एक वकील आणि एक नर्स अशा तिघांनी राष्ट्रीय एनएफ प्रतिष्ठान सुरू केलं. तेच आज चिल्ड्रेन्स ट्यूमर फाउंडेशन या नावाने ओळखलं जातं. नंतर अमेरिकी रुग्णकुटुंबांनी लोकप्रतिनिधींच्या दारात जाऊन पाठपुरावा केला आणि १९९६ पासून चक्क तिथल्या संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधन निधीतून एनएफसाठी पैसा मिळू लागला. त्यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच: कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत शास्त्रज्ञांच्या शेजारी रुग्ण आणि पालकही बसतात, त्यांचंही मत मोजलं जातं.

आपल्याकडे रुग्ण कमी आहेत म्हणून काम कमी, असं नाही. ३,००० मागे एक हा हिशोब आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसतो.

१४. माझ्या मैत्रिणीला एनएफ२ आहे. वरचं सगळं तिलाही लागू आहे का?

बरंचसं नाही. एनएफ२ चं जनुक २२व्या गुणसूत्रावर आहे, आणि २०२२ पासून त्याला "एनएफ२-संबंधित श्वानोमॅटोसिस" म्हणतात. नवं नाव रिपोर्टात दिसलं तर आजार बदलला असं समजू नका. यात दोन्ही कानांच्या तोल आणि ऐकण्याच्या नसांवर गाठी येतात, बहुतेकदा तरुण वयात.

ऐकू येतंय तोवरच सोबत सांकेतिक भाषा शिकायला लागा, दोघी मिळून. बोलताना समोर बसा, तोंडावर हात नको, दिवा तुमच्या चेहऱ्यावर हवा. अंधारात जिना उतरताना हात द्या. पाण्याचं विशेष सांभाळा: तोल गेलेल्या माणसाला पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासं होऊ शकतं. चांगली पोहणारी असली तरी विहिरीत, नदीत, समुद्रात एकटीला सोडू नका. कोकणच्या सहलीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

१५. संशोधनात भाग घ्या असं डॉक्टर म्हणतात. "प्रयोगासाठी वापरतील" अशी घरच्यांना भीती आहे.

भीती स्वाभाविक आहे, म्हणून तिला कागदाने उत्तर द्या. भारतातल्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, नोंदणी क्रमांक मागून घ्या. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, इजा झाली तर भरपाई कोण देणार, मधेच बाहेर पडलं तर नेहमीचे उपचार सुरू राहतील का, हे विचारा. बाहेर कधीही पडता येतं. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, रात्री जेवणानंतर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. पत्रावर सही करायची घाई करणारा माणूस शंकास्पद.

चाचणीत भाग घेण्यासाठी तुमच्याकडून लाखभर रुपये मागत असतील तर ती चाचणी नव्हे, दुकान आहे. "स्टेम सेलने एनएफ बरा करतो" या जाहिरातींनाही हेच उत्तर.

औषध घेणं हा एकच मार्ग नाही. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ संमतीने संशोधनासाठी देता येते, आणि ते आधी ठरवावं लागतं, कारण गाठ ताजी असतानाच जपून ठेवायची असते.

१६. १७ मे ला काय करतात? आम्ही सोसायटीत काही करू शकतो का?

१७ मे हा जागतिक एनएफ जागृती दिन. जगभर इमारतींवर निळे-हिरवे दिवे लावतात. तुम्ही करा, छानच. पण रुग्णाला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊ नका, त्याने स्वतःहून मागितल्याशिवाय. लहान मुलाचा फोटो पोस्टरवर घालताना आईची परवानगी पुरत नाही, मुलालाही विचारा. आठ वर्षांचा असताना हो म्हणालेला मुलगा सोळाव्या वर्षी तो फोटो वर्गमित्राच्या मोबाइलवर पाहतो, आणि तो काढून टाकता येत नाही.

त्याऐवजी त्या दिवशी एखाद्या अंगणवाडीताईला प्रश्न ३ मधली मोजपट्टी समजावून सांगा.

१७. अपंगत्वाचा दाखला मिळतो का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत एनएफचं नाव स्वतंत्रपणे नाही. दाखला आजारावर नव्हे, झालेल्या नुकसानावर मिळतो: ऐकणं, दृष्टी, हातापायाची हालचाल, अध्ययन अक्षमता. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. अर्जात "एनएफ" लिहून थांबू नका, नेमकं काय जमत नाही त्याचे रिपोर्ट जोडा.

१८. तिचं लग्न जमतंय. मुलाकडच्यांना सांगायचं का? मुलांना होईल का?

सांगायचं की नाही हे तिचं. तुम्ही मध्यस्थ असलात तरी तुम्ही परस्पर सांगायचं नाही.

मुलांबद्दल: आई किंवा वडिलांना एनएफ१ असेल तर दर गर्भारपणी निम्मी शक्यता. पहिल्याला झाला म्हणून दुसरं सुटलं, असा हिशोब नसतो. आईला सौम्य आहे म्हणून मुलाला सौम्यच होईल असंही नाही. जनुकीय सल्ला लग्नाआधी घेतला तर गर्भाच्या चाचण्यांचे पर्याय शांतपणे समजून घेता येतात.

दोन अपवाद. काहींना एनएफ१ ची लक्षणं शरीराच्या एकाच भागात असतात, उदाहरणार्थ फक्त एका हातावर. त्यांच्या मुलांना होण्याची शक्यता सहसा निम्म्याहून कमी, पण झाला तर पूर्ण अंगभर होऊ शकतो. आणि प्रश्न २ मधल्यासारखे निरोगी आईवडील असतील तर पुढच्या मुलाला धोका फार कमी असतो, पण अगदी शून्य नसतो.

१९. मी एवढं करायला तयार आहे, पण त्यालाच मदत नको आहे. काय करू?

थांबा. माझा भाचा आता सतरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने सांगितलं, "मावशी, तू आत येऊ नकोस, बाहेर बस." मी बाहेर बसले. निळी फाइल त्याने आत नेली. बाहेर आल्यावर पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात नवी ओळ होती, तारीख घातलेली. पट्टीसुद्धा त्याने खिशातच आणली होती. मग आम्ही कॅन्टीनमध्ये वडापाव खाल्ला, पैसे मी दिले.